फियाटचं हेड

पेणहून हेड घरी आलं ते रुबिनाच्या स्कूटरच्या पायदानावर, गोणपाटात गुंडाळून. चौलच्या नाक्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. दर खड्ड्याला ती दोन्ही पोटऱ्यांनी ते आवळून धरत होती. अंगणात शिरता शिरताच तिने हाक मारली, "अम्मी, ये बघायला!"

आबिदा ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. तशाच ओल्या हातांनी ती उठून आली. रुबिनाने सुतळी सोडली, गोणपाट बाजूला केलं, आणि दुपारच्या उन्हात ते जड, चकचकीत धूड लखलखलं.

"आरशासारखं झालं गं!"

"आरसा न्हाय झाला तरी चालेल. सपाट झालं ते महत्त्वाचं." रुबिनाच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "इंजिनाचं झाकणच ते. झाकण वाकलं तर भांड्यातली वाफ बाहेर येणारच. मशीनवर पातळ थर काढून घेतला. आता पट्टी ठेवली तर खालून उजेडसुद्धा दिसत न्हाय. आज बसवते, उद्या सकाळी चालू करते. हलीमाखाला मांडव्याला उतरेल तेव्हा आपण जेटीवर उभे!"

हलीमा आबिदाची थोरली बहीण. लग्न होऊन मोंबासाला गेली ती तिथलीच झाली. त्यांचे वडील इसाकमियाँ वारले तेव्हा हलीमाने फोनवर ओरडून सांगितलं होतं, मी निघाले, थांबा. पण मे महिन्याचा उकाडा, गावात बर्फ नाही, मौलाना घाई करत होते. संध्याकाळच्या आत दफन झालं. दोन दिवसांनी विमानतळावरून रडत आलेल्या हलीमाने अंगणातच विचारलं होतं, "अब्बांचं तोंड मला दाखवायला तुला एक दिवस थांबता आलं न्हाय?" आणि पाणीही न पिता ती परत गेली. त्याला वीस वर्षं होऊन गेली. ईदचा फोन व्हायचा, तोही मुलांच्या हातून.

आणि या महिन्यात अचानक तिचा स्वतःचा फोन आला. "आबी, मी येते. रविवारी डोंगरीहून निघून दुपारच्या बोटीने मांडव्याला. कोण येईल न्यायला?"

"मी येईन," आबिदा बोलून गेली. "अब्बांची गाडी घेऊन."

अब्बांची गाडी म्हणजे फियाट, साय उतरवलेल्या दुधाच्या रंगाची. इसाकमियाँनी दोघी मुलींना याच गाडीवर रेवदंड्याच्या वाळूत चालवायला शिकवलं होतं. पुढे मुसअब, आबिदाचा मुलगा, दोह्याहून सुट्टीवर आलेला असताना तिला मुरूडपर्यंत घेऊन गेला. वाटेत पाण्याचा पाइप फुटला. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा बोनेटमधून वाफेचे लोट निघत होते. तेव्हापासून गाडी सुपारीच्या वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, चार विटांवर उभी.

रुबिना अलिबागला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते. नवऱ्याशी फारकत झाल्यापासून माहेरीच राहते. हलीमाच्या फोननंतर रोज वर्ग सुटला की ती शेडमध्ये शिरायची. ब्रेक झाले, टाकी साफ झाली, टायर आले. राहिलं होतं हेड.

"कोलंबी कावळ्यांना ठेवलीस का?" म्हणत मुसअब घरातून बाहेर आला आणि हेड बघून थबकला. त्याच्या मागून आबिदाचा नवरा मोहम्मद काठी टेकत आले. जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं होतं त्यांचं. एक कान पूर्ण गेलेला, दुसरा अर्धा.

"रुबी, मी काय सांगितलेलं?" मुसअब म्हणाला. "उद्या सकाळी प्रणय येतोय गाडी न्यायला. माझं बोलणं झालंय."

"तुझं बोलणं झालंय. माझं न्हाय झालं," आबिदा म्हणाली.

"अम्मी, नऊ वर्षं उंदीर राहतात तिच्यात. नागावला त्याच्या रिसॉर्टच्या लॉनवर छान राहील. रंग देणार हाय तो."

"आणि बोनेट काढून आत बोगनवेल लावणार हाय," आतून शमीमचा आवाज आला. मुसअबची बायको. ती दारात येऊन उभी राहिली. "तेपण सांगा की. मला सांगितलंत तसं."

आबिदाने मुलाकडे बघितलं. "अब्बांच्या गाडीत झाड?"

"शमीम, तू आत जा."

"जाते. पण जेवायला वाढायचं कुणाला ते ठरवून जाते."

रुबिनाला हसू आलं, ते तिने गिळलं. भाभी आपल्या बाजूने बोलेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गेली दोन वर्षं, मुसअब कायमचा परत आल्यापासून, स्वयंपाकघरात दोघींचं फक्त मिठा-मसाल्यापुरतं बोलणं होतं.

"अब्बा, तुम्ही सांगा हिला," मुसअब वडिलांच्या चांगल्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला. "शेड पाडून दोन खोल्या काढायच्यात. पाहुण्यांना भाड्याने द्यायला. ठरलंय ना आपलं?"

मोहम्मदनी मान डोलावली. "मुसअब बरोबर बोलतोय. शब्द दिलाय त्याने. आणि चालू झाली तर चालवणार कोण? ही? बहात्तर वर्षांची बाई?"

"लायसन नवं करून आणलंय," आबिदा म्हणाली. "मोतीबिंदू काढलाय. तुमच्यापेक्षा लांबचं दिसतं मला."

"दिसण्याची काळजी न्हाय मला. मांडव्यापर्यंत रस्त्यात हजार डंपर."

"मग मी काय करू? रिक्षात घालून आणू तिला?" आबिदाचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "तिला द्यायला माझ्याकडे काय हाय? अब्बांचं तोंड मी देऊ शकत न्हाय. अब्बांची सीट तरी देते."

मुसअब पाय आपटत वाडीत निघून गेला. मोहम्मद तिथेच उभे राहिले, काठीच्या टोकाने माती उकरत.

"अम्मी, हात धू," रुबिना म्हणाली. "मला तुझे तळवे पायजेत."

शेडमध्ये जुन्या चटईवर हेड उलटं ठेवून रुबिनाने एकेका वॉल्वला खडबडीत पेस्ट लावली. रबराची चकती लावलेली काठी वॉल्वला चिकटवली. ती काठी दोन तळव्यांत धरून गरगर फिरवायची, की वॉल्व आणि त्याची बैठक एकमेकांवर घासून घट्ट जुळतात. आबिदाने काठी धरली आणि अशी फिरवली, की जन्मभर हेच केलं असावं.

"कुठे शिकलीस?"

"रवीने ताक केलंय गं मी. तुझ्या आयटीआयच्या आधीपासून."

प्रत्येक वॉल्व रुबिना पुसून बघायची. राखाडी रंगाची सलग कडी उमटली की पुढचा. शेवटी सगळे बसवून तिने वरून रॉकेल ओतलं. दोघी श्वास धरून वाकून बघत राहिल्या. एक थेंबही पाझरला नाही.

"दे टाळी!" रुबिना ओरडली, आणि काळ्या झालेल्या चार तळव्यांची टाळी वाजली.

*

मुसअब पंपाजवळ बसून सुपारीच्या आळ्यांना पाणी सोडत होता. लक्ष पाण्यात नव्हतं. शेड तिथून हाकेच्या अंतरावर, आणि पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं. आधी हेड आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग ठेवतानाचं बोलणं. हे पॅकिंग रुबिनाने मुंबईच्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे सात दुकानं पालथी घालून मिळवलं होतं, एकच. मग हेड उचलून ठेवताना शमीमचा "अगं बोट, बोट!" असा ओरडा. म्हणजे तीही हात लावायला गेली होती तर.

मग टॉर्क पान्याचा आवाज सुरू झाला. ठरलेला ताण आला की तो पाना 'टक्' करतो. मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, एकेक. टक्. टक्. बरोबर क्रमाने घेतेय, त्याने मनात म्हटलं. दोह्याला बोटींच्या यार्डात पंधरा वर्षं हेच आवाज ऐकत काढली होती त्याने. पहिली फेरी अर्ध्या ताणाची. टक्. टक्.

पुढचा टक् आलाच नाही. नुसती बारीक करकर झाली आणि मग शांतता.

त्या शांततेचा अर्थ मुसअबला पुरता माहीत होता. इंजिनाच्या ब्लॉकमधला आटा गेला होता. नट कितीही फिरवा, हेड आवळून धरणारा तो खिळा, स्टड, धरणार नव्हता.

बरंच झालं, असं म्हणायला पाहिजे होतं. उद्या प्रणय येईल, गाडी नेईल. तो पाण्याकडे बघत राहिला. शेडमधून कुणाचाही आवाज येत नव्हता. रुबी रडली असती, ओरडली असती, तरी त्याला बसून राहता आलं असतं.

तो उठला.

रुबिना पाना मांडीवर ठेवून जमिनीवर बसली होती. अम्मी आणि शमीम दोन बाजूंना, मयताच्या घरी बसतात तशा.

"कोणता?" त्याने विचारलं.

तिने न बघताच कोपऱ्यातल्या स्टडकडे बोट दाखवलं. "आटा सुटला. मी जोर लावला न्हाय, भाई. खरंच."

"माहीत हाय. ऐकत होतो. जोर लावला असतास तर आवाज वेगळा आला असता." त्याने वाकून नट हलवला. "नऊ वर्षांपूर्वी तापली ना, तेव्हाच मेला असणार हा. हेड परत काढावं लागेल."

"पॅकिंग एकच हाय. दुसरं मिळणार न्हाय."

"किती ताण दिलेला?"

"पहिलीच फेरी. अर्धा."

"मग अजून दबलं न्हाय. संभाळून काढलं तर परत चालेल." तो बाहेर गेला आणि माळ्यावरची लोखंडी पेटी घेऊन आला. दोह्याहून आल्यापासून ती उघडली नव्हती. आत ड्रिल, आटे पाडायचे टॅप आणि स्प्रिंगसारख्या वळलेल्या स्टीलच्या बारीक गुंडाळ्या. "मोठं भोक पाडायचं, नवा आटा काढायचा आणि ही आत बसवायची. जुन्यापेक्षा मजबूत होतं. बोटींना कायम करायचो."

रुबिनाचा चेहरा उजळला. "कीस सिलिंडरमध्ये गेला तर?"

"टॅपला ग्रीस फास. कीस त्याला चिकटून वर येतो. आणि सिलिंडरांत फडकी कोंब."

"ते मी पोरांना शिकवते," ती म्हणाली.

"मग इथं कर की. मला काय शिकवतेस?"

शमीम तोंडाला पदर लावून हसली. दोघा भावंडांनी हेड अल्लाद उचललं. पॅकिंग फाटलं नव्हतं. मुसअबने ड्रिल धरलं. सरळ जातंय की नाही ते रुबिना गुण्या लावून बघत राहिली. "डावीकडे थोडं. थोडं. बस!" कीस ग्रीसमध्ये गोळा होऊन वर येत होता. आटा पडला, गुंडाळी बसली, स्टड आत फिरला आणि घट्ट थांबला.

पुन्हा हेड. पुन्हा मधल्या नटापासून. कोपऱ्यातल्या स्टडपाशी आल्यावर रुबिनाने पाना भावाच्या हातात दिला. "तूच घे."

मुसअबने पाना ओढला. टक्.

कुणीतरी ओरडलं. मुसअबला वाटलं शमीम. पण ओरडली होती अम्मी.

"प्रणयला फोन करतोस ना?" रुबिनाने विचारलं.

मुसअब हात पुसत राहिला. "आधी चालू तर होऊ दे," तो म्हणाला.

*

रविवारी सकाळी मोहम्मद शेडसमोर खुर्ची टाकून बसले होते. गाडी विटांवरून उतरली होती. कालपासून घरात काय चाललंय ते त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं, पण मुलगा आणि मुलगी एकाच ताटात न्याहारी करताना त्यांनी बघितले होते. तेवढं पुरेसं होतं त्यांना.

मुसअबने चोक ओढला आणि सेल्फ मारला. इंजिन घुरघुरलं, पकडलं नाही. पुन्हा मारला. एवढ्यात फाटकातून एक टोइंगची गाडी आत आली. तिच्यातून गॉगल लावलेला प्रणय उतरला.

"मुसअबभाई, रेडी ना?"

"थांब जरा," मुसअब म्हणाला आणि परत सेल्फ मारला.

धडाड! कार्बोरेटरमधून ज्वाळेची जीभ बाहेर आली. आबिदा मागे सरकली. प्रणय उडी मारून टोइंगच्या गाडीआड गेला. मोहम्मदना तो आवाज पायाच्या तळव्यांतून कळला.

"हेडच बसलं न्हाय वाटतं," मुसअब पांढरा पडून म्हणाला.

"हेड बसलंय!" रुबिना इंजिनात डोकं घालून ओरडली. "ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय. वॉल्व उघडा असताना."

मोहम्मद उठले. जहाजावरचं डिझेल वेगळं, हे पेट्रोलचं खेळणं वेगळं. पण वेळ चुकली की इंजिन ओरडतं, हे सगळीकडे सारखं. ते जवळ गेले. "ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर काढलेलास का गं?"

"हेड काढताना काढलेला, अब्बा."

"मग उलटा बसलाय. अर्धा फेरा उलटा."

रुबिनाने कपाळावर हात मारला, तिथे काळं बोट उमटलं. "भाई, वायरी! एक नंबरची चारला, चारची एकला. दोन आणि तीन अदलाबदल कर."

चार वायरी. दोघांचे हात एकमेकांत अडकत होते. "ही तीनची का?" "न्हाय, ती दोनची, सोड!" प्रणयही आता बोनेटपाशी येऊन वाकला होता, मोबाइल काढून शूटिंग करत.

"अम्मी," रुबिना सरळ उभी राहिली, "तू मार सेल्फ."

आबिदा चालकाच्या सीटवर बसली. ओढणी नीट केली. बिस्मिल्ला म्हणाली आणि चावी फिरवली.

मोहम्मदनी मडगार्डवर तळवा ठेवला. आधी थरथर. मग एक ठोका, अडखळत दुसरा, आणि मग एकदम सगळे ठोके एकामागोमाग एक, सुरळीत, तळव्यात भरून आले. त्यांनी डोळे मिटले. एकही सिलिंडर चुकत नव्हता. वर्षानुवर्षं त्यांनी याच तळव्याने इंजिनं ओळखली होती, कान गेल्यावर तर फक्त याच तळव्याने. त्यांनी डोळे उघडले तेव्हा रुबिना शमीमला मिठी मारून उड्या मारत होती आणि मुसअब सायलेन्सरजवळ उकिडवा बसून ओरडत होता, "पांढरा धूर न्हाय! अजिबात न्हाय! पाणी आत जात न्हाय!"

"जबरदस्त," प्रणय म्हणाला. "भाई, आता तर लॉनवर... चालू गाडी!"

मुसअब उठला. हात पँटला पुसले. "प्रणय, गाडी मिळणार न्हाय तुला. शब्द मी दिलेला, मीच मोडतोय. शिव्या घालायच्या तर मला घाल."

प्रणयने गॉगल डोक्यावर सरकवला. बोनेटखालच्या धडधडणाऱ्या इंजिनाकडे बघितलं. आबिदाकडे बघितलं. "यात बोगनवेल लावली तर माझी आजी पण मला घरात घेणार नाय," तो म्हणाला. "कुणाची मोडकी होडी असेल तर सांगा."

मोहम्मद खिडकीशी आले. "आबिदा."

"काय?"

"डंपर दिसला की बाजूला घे. ईर्षा करू नको त्याच्याशी." मग दरवाजावर थाप मारून, "जा, आण तिला."

*

इंजिन गरम झालं तसं रुबिनाने ते बंद करून निवू दिलं आणि सगळे नट पुन्हा एकदा तपासले. मग निघाले. ती पुढे आईशेजारी आणि मागे मुसअब, मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन. नागाव गेलं, अलिबाग गेलं. आबिदाची नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त.

"अम्मी, रस्ता बघ. काटा मी बघते."

"कुठे हाय?"

"मधे."

थळच्या पुढे ट्रकांची रांग लागली. उभ्या गाडीत काटा चढायला लागला. मागे मुसअबने कॅनचं झाकण उघडलं. रांग हलली, वारा लागला, काटा थरथरला आणि हळूहळू मधे येऊन बसला.

"माशाअल्ला," मुसअब म्हणाला आणि एवढ्या मोठ्याने श्वास सोडला, की दोघी हसायला लागल्या. किहीमपाशी आबिदाने पहिल्यांदा पाय दाबला. झाडं भराभर मागे पडायला लागली. समोरून कॉलेजातली पोरं मोटारसायकलवर हात हलवत गेली. आबिदाला आपण ओरडावं असं वाटलं, आणि ती ओरडलीसुद्धा.

मांडव्याला बोट लागलेलीच होती. शनिवार-रविवारचे मुंबईकर पिशव्या घेऊन जेटीवरून येत होते. त्या गर्दीत हलीमा शेवटी दिसली. वाळलेली, हातात काठी, खांद्यावर मोंबासाचं रंगीत वस्त्र. आबिदा गाडीतून उतरली आणि दरवाजा धरून तिथेच उभी राहिली. वीस वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

हलीमा जवळ आली. बहिणीकडे न बघता गाडीकडे बघत राहिली. इंजिन चालू होतं.

"ही चालते?"

"चालते, आपा."

हलीमा काठी टेकत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली. मुसअब मागून घाईघाईने उतरला. हलीमा मागच्या सीटवर बसली आणि दरवाजा ओढायच्या आधी दोन्ही हातांनी किंचित वर उचलला. मग ओढला. दरवाजा गपचूप लागला.

"अब्बा म्हणायचे, आदळू नको, उचल," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकून रडायला लागली.

आबिदा चालकाच्या सीटवर येऊन बसली. मागे वळून तिने बहिणीचा हात धरला. "आपा, त्या दिवशी..."

"नको." हलीमाने हात सोडवून घेतला नाही. "आत्ता नको. भांडायचं हाय मला तुझ्याशी. पोटभर. पण आधी त्यांच्याकडे ने मला."

"घरी न जाता?"

"घरी मागून. आधी कबरस्तानात."

मुसअबने तिची बॅग उचलली. "मी सहा सीटर रिक्षाने येतो, खाला. तुम्ही व्हा पुढं."

हलीमाने डोळे पुसले, नाक पुसलं. मग पुढच्या सीटवर बसलेल्या भाचीकडे बघितलं. "तू रुबिना ना? हे सगळं तू केलंस?"

"सगळ्यांनी केलं, खाला."

"मग एक काम अजून कर. मागं ये. मला माझ्या बहिणीजवळ बसायचंय."

रुबिना उतरली. हलीमा पुढे येऊन बसली. आबिदाने क्लच दाबला, स्टिअरिंगशेजारचा गियर टाकला, आणि फियाट चौलच्या रस्त्याला लागली.